महाळुंग्याचा आमदार कुणाचा?

खेड तालुक्यातल्या महाळुंगे इंगळे गावात 1999 साली बजाज ऑटोचा कारखाना आला. पुढच्या पंचवीस वर्षांत चाकण-तळेगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजरी-ज्वारीची शेतं गेली आणि तिथे शेड, गोदामं आणि भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. याच काळात, 2004 ते 2024 या पाच विधानसभा निवडणुकांत, एक नाव दर वेळी प्रमुख उमेदवारांत होतं: शेलपिंपळगावचे दिलीप मोहिते पाटील. 2004 आणि 2009 ला ते राष्ट्रवादीकडून निवडून आले. 2014 ला शिवसेनेच्या सुरेश गोरेंनी त्यांचा पराभव केला, 2019 ला मोहितेंनी ती जागा गोरेंकडून परत मिळवली, आणि 2024 ला उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे बाबाजी काळे पन्नास हजारांहून जास्त मतांनी जिंकले. खेड-आळंदीच्या मतदारानं गेल्या तिन्ही वेळा बसलेला आमदार घरी पाठवला आहे.

शेजारच्या आंबेगावात मात्र दिलीप वळसे पाटील 1990 पासून एकदाही हरलेले नाहीत. मंत्रिपदं झाली, विधानसभेचं अध्यक्षपद झालं. 2024 ला त्यांचं मताधिक्य दीड हजारांवर आलं, तरी जागा राहिली. एकाच लोकसभा मतदारसंघातले हे दोन शेजारी तालुके, पण आमदार ठेवण्याची आणि काढण्याची दोघांची रीत वेगळी.

खेडच्या या रीतीबद्दल महाळुंग्यात दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. ते मी इथे दोन माणसांच्या तोंडी मांडलं आहे. एक आहेत गावकरी काका. त्यांची जमीन संपादनात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. निवडणुकीत बूथवर टेबल टाकून बसण्याचा त्यांचा अनुभव आयुष्यभराचा. दुसरी त्यांचीच भाडेकरू, लातूर जिल्ह्यातल्या औशाकडची ताई. ती एका कंपनीत ठेकेदाराकडून क्वालिटीला आहे, नवरा गोदामात, मुलगा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत.

काका : आमच्या तालुक्याला कमी समजू नकोस. 2024 ला सगळ्या राज्यात महायुतीचं वारं होतं. पुणे जिल्ह्यातल्या 21 जागांपैकी 18 त्यांनी नेल्या. ठाकरेंच्या शिवसेनेला जिल्ह्यात एकच मिळाली, ती आपली. वाऱ्याबरोबर जाणारी माणसं नाहीत ही.

ताई : मग कशावर मत देतात, काका? त्या निवडणुकीत मी इथेच होते. दिवसभर रिक्षावरचे भोंगे ऐकले. रस्त्याचं बोलले, पाण्याचं बोलले. पण चौकाचौकांत लोक वेगळंच बोलत होते. कोण कुणाच्या गाडीत बसला, कुणाचा फोटो फ्लेक्सवरून गेला.

काका : कारण निवडणूक तिथेच ठरते. गणित ऐक. 2019 ला मोहिते तीस हजारांहून जास्त फरकानं आले, पण गोरेंची मतं आणि अपक्ष उभ्या राहिलेल्या अतुल देशमुखांची मतं एकत्र केली असती, तर मोहितेंपेक्षा जास्त भरली असती. देशमुखांनी एकट्यानं पन्नास हजारांच्या वर मतं घेतली होती. 2024 ला देशमुख रिंगणात नव्हते. विरोधातली मतं एका जागी आली. त्यात राष्ट्रवादी फुटल्यावर मोहिते अजितदादा पवारांबरोबर गेलेले. शिवसेनेच्या ज्या शिवाजीराव आढळरावांशी वर्षानुवर्षं उभा दावा, तेच 2024 च्या लोकसभेला दादांच्या राष्ट्रवादीत आले आणि मोहितेंना त्यांचा प्रचार करावा लागला. कार्यकर्त्यानं काल ज्याला शिव्या घातल्या, त्याच्यासाठी आज दारोदार जायचं. माणसाच्या मनाला ते सोसत नाही.

ताई : म्हणजे पंचवीस वर्षांचा हिशेब तुम्ही माणसांच्या रागालोभात मांडताय.

काका : आमदारकी तीच आहे. माणसं सांभाळायची.

काकांच्या या बोलण्याला आधार आहे, हे मला मान्य करावं लागतं. 2021 मध्ये मुंबईत राष्ट्रवादी आणि शिवसेना एका सरकारात बसल्या होत्या आणि इथे खेड पंचायत समितीच्या सभापतीवरच्या अविश्वासावरून तेच दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये उलटं घडलं. राज्यात दोन्ही शिवसेना एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या आणि चाकण नगरपरिषदेला शिंदेंच्या शिवसेनेच्या मनीषा गोरे यांचा अर्ज भरायला ठाकरेंच्या शिवसेनेचे आमदार बाबाजी काळे हजर राहिले. मनीषा गोरे या दिवंगत सुरेश गोरेंच्या पत्नी. गोरे ऑक्टोबर 2020 मध्ये कोरोनानं गेले, आणि त्या दुःखाची जाण चाकणात पक्षापेक्षा मोठी ठरली. पुण्या-मुंबईत बसून पक्षांच्या नावांवरून खेडचं राजकारण समजत नाही.

ताई : माणसं सांभाळायची म्हणजे काय करायचं, ते सांगा. मला खरंच समजून घ्यायचंय.

काका : तू दशक्रियेला गेलीस कधी? आमच्याकडं सकाळी साडेसातला घाटावर माणूस जमतो. इंद्रायणी असो, भामा असो. आधी महाराजांचं प्रवचन. एका बाजूला पिंड मांडलेले, घरची माणसं कावळ्याकडं डोळे लावून. मग श्रद्धांजली. माईकवाल्याच्या हातात चिठ्ठी असते, कोण कोण आलंय त्याची. सोसायटीचा चेअरमन, सरपंच, झेडपीचा इच्छुक, माजी आमदार, आजी आमदार. दोन-दोन मिनिटं बोलतात. गेलेल्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्यानं काय सोसलं, सगळं सांगावं लागतं. चुकलं की लोक ओळखतात, याला काही माहीत नाही. तिथून उठून पुढच्या घाटावर, दुपारी तीन लग्नं, संध्याकाळी साखरपुडा. बैलगाड्याचा घाट असला तर तिथे. 2014 ला शर्यती बंद झाल्या, डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टानं परत परवानगी दिली. त्या सात वर्षांत कुठला पुढारी आमच्याबरोबर उभा राहिला, हे इथल्या पोराटोरालाही पाठ आहे.

ताई : दोन वर्षांपूर्वी आमच्या लाइनवरचा एक पोरगा रस्त्यावर गेला. सेकंड शिफ्ट सुटली होती. एचपी चौकाच्या अलीकडं ट्रेलरनं घेतलं. उदगीरकडचा होता. रात्रीच अँब्युलन्स करून गावी नेला. आम्ही वर्गणी काढली, ठेकेदारानं थोडे घातले. त्याचा दहावा त्याच्या गावी झाला. इथे कुणी आलं नाही, येणार तरी कुठे? घाटच नव्हता, माईक नव्हता, चिठ्ठी नव्हती.

काका : ते वाईट झालं. पण आमदाराला कळणार कसं?

ताई : तेच विचारतेय मी. तुमच्यातला कुणी गेला की त्याला तासाभरात कळतं. आमच्यातला गेला की कळायची सोयच नाही. आणि ज्या रस्त्यानं तो गेला, तो रस्ता आमदाराच्या कामात येतो का नाही?

काका : रस्ता आमदाराच्या हातात आहे कुठे? आमदार निधी वर्षाला पाच कोटी. नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्ग ऑगस्ट 2024 ला दिल्लीनं मंजूर केला, तीस किलोमीटरला 7,827 कोटी. पाच कोटीवाला माणूस तिथे काय करणार? सभामंडप, गटार, स्मशानभूमीचं शेड, हायमास्ट दिवे, एवढंच त्याच्या कुवतीत.

ताई : मागणी लावून धरणं त्याच्या कुवतीत आहे. खेडला विमानतळ येणार होता, तुम्ही शेतकऱ्यांनी नको म्हटलं, 2016 ला तो पुरंदरला गेला. तेव्हा पाच कोटींचा हिशेब कुणी काढला नाही. सेझमध्ये ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या 15 टक्के परताव्याचा प्रश्न इतकी वर्षं पेटता राहिला. प्रत्येक उमेदवाराला त्यावर बोलावं लागलं. भामा आसखेडचं पाणी पुण्याला न्यायचं ठरलं, तेव्हा धरणग्रस्त पाइपलाइनच्या कामावर जाऊन बसले आणि सगळे पुढारी तिथे धावले. तुमचा आवाज मुंबईपर्यंत जातो, कारण तुमची नावं यादीत आहेत.

इथे मला ताईच्या बाजूनं बोलायचं आहे, आणि ठामपणे. चाकण औद्योगिक पट्ट्यात मोटार, मोटारसायकल, टायर, सुटे भाग बनवणारे हात मोठ्या संख्येनं मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले आहेत. खेड-आळंदीच्या साडेतीन लाखांहून अधिक मतदारांच्या यादीत त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावं आहेत. उमेदवार गावभेट दौरा आखतो तो यादी पुढे ठेवून. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरापर्यंतची गावं, पूर्वेला शेलपिंपळगावापर्यंतची, मध्ये आळंदी, चाकण, राजगुरुनगर. वाड्या, भावक्या, मंडळं, बचत गट असे त्याचे थांबे ठरतात. शिफ्टच्या वेळा त्यात येत नाहीत. दुपारी साडेतीनला कंपनीच्या गेटवर सभा घेतलेला उमेदवार महाळुंग्यात विरळा, कारण त्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या माणसाचं मत औशात, उदगीरला, नाही तर बलियात असतं. उमेदवार कुणीही असो, मोहिते, गोरे की काळे, तो याला एकटा जबाबदार नाही. जी माणसं त्याला पाडू शकतात, त्यांच्याकडंच तो जाणार.

काका : अगं, पण तुला मत नाही असं थोडंच आहे? औशाला आहे की.

ताई : आहे. तिथे अभिमन्यू पवार आमदार आहेत. पण त्यांना महाळुंग्याचा टँकर कसा दिसणार? आणि गंमत बघा, तिथल्या ग्रामपंचायतीला उमेदवार आम्हाला न्यायला पुण्याला गाडी पाठवतो. रात्रभर बसून जायचं, मत टाकायचं, परत रात्रभर बसून यायचं. ज्या सरपंचाला मी मत दिलं, त्याच्या गावात वर्षाचे आठ दिवस राहते. ज्या सरपंचाच्या गावात बाकीचं वर्ष राहते, त्याला माझं नाव माहीत नाही. 2024 ला विधानसभेच्या आधी इथे पैठणीचा खेळ झाला. मी शेजारणीबरोबर गेले. नाव लिहून घेणाऱ्या पोरानं विचारलं, मतदान कुठलं? औसा म्हटल्यावर म्हणाला, ताई, तुम्ही मागं बसा. खुर्ची दिली, पाणी दिलं, वाईट बोलला नाही. पण मागं बसा.

काका : पोरगं ते. त्याला अक्कल नाही.

ताई : त्याला यादी कळत होती, काका. मग मी ठरवलं, नाव इकडं आणायचं. फॉर्म 8 भरायचा, पत्ता बदलायला. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, पत्त्याचा पुरावा द्या. लाइट बिल तुमच्या नावावर. आधारवर औसा. भाडेकरार नाही. तुमच्याकडं आले होते, आठवतं?

काका काही वेळ बोलत नाहीत. कायदा मात्र सरळ आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार व्हायला घर मालकीचं लागत नाही, नेहमीचं राहणं त्या जागी लागतं. उलट नुसतं घर मालकीचं असणं हा राहत असल्याचा पुरावा नव्हे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा करार नोंदणीकृत असायलाच हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. या पट्ट्यात भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला दिली जाते, कारण तिथे घरमालकाला स्वतःच्या मानेची काळजी असते. करार क्वचित होतो. म्हणजे भाडेकरू पोलिसांच्या कागदावर आहे आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कागदावर नाही. मला यात मोठा अन्याय दिसतो.

काका : करार दिला नाही, हे खरं. कारण ऐक. एक म्हणजे घरपट्टी वाढते. दुसरं म्हणजे उद्या कुणी ताबा सांगायला लागलं तर कोर्टाच्या खेपा मी या वयात घालू? आणि तिसरं, ते कुणी तोंडानं बोलत नाही, पण मी बोलतो. विधानसभेची यादी तीच ग्रामपंचायतीला लागते. तुझं नाव विधानसभेसाठी चढलं की ते सरपंचाच्या निवडणुकीतही आलं. या आमच्या रांगेत किती माणसं राहतात, बघ. अशा रांगा गावात किती आहेत, बघ. सगळ्यांची नावं चढली तर आमच्या घराण्यांची मतं किती उरतील? जमीन गेली, ओढा गेला, गुरं गेली. ग्रामदैवताच्या यात्रेत लोक आता विचारतात, देवळात जायचा रस्ता कुठला. एवढं सगळं गेल्यावर गावाची पंचायत तरी आमच्या हातात राहू दे, असं वाटलं तर ते पाप आहे का?

ताई : पाप नाही. पण काका, माझा पोरगा तुमच्यासारखं बोलतो. औशाला गेला की त्याची आजी हसते, म्हणते ह्याची भाषा पुण्याची झाली. तो तुमच्या यात्रेत लेझीम खेळतो. त्यानं मोठं होऊन मत कुठं टाकायचं?

काका : तो इथला झाला असं तू म्हणतेस. उद्या कंपनी बंद पडली तर तुम्ही पुढच्या एमआयडीसीला जाल. आम्ही कुठं जाऊ?

ताई : 2013 ला बजाजमध्ये पन्नास दिवसांचा संप झाला, तेव्हा कामगार इथेच होते ना? मी तेव्हा नव्हते, पण जुनी माणसं सांगतात. किराणावाल्यानं उधारी दिली, घरमालकांनी भाडं थांबवलं. तुम्हीच सांगितलं होतं मला.

काका : दिलं होतं थांबवून. दीड महिना. माणसं ओळखीची होती.

ताई : मग ओळख होती. कागद नव्हता, एवढंच.

या टप्प्यावर काकांच्या बाजूचं जे वजन आहे, ते हलकं करून चालणार नाही. ज्यांच्या जमिनीवर हा पट्टा उभा आहे, त्यांना कारखान्यात कायम नोकऱ्या थोड्यांना मिळाल्या. बाकीच्यांनी खोल्या बांधल्या, टँकर घेतले, बस लावल्या, स्क्रॅपचे आणि मजूर पुरवठ्याचे ठेके धरले. या ठेक्यांची ओढाताण इथल्या राजकारणात खोलवर मुरली आहे आणि निवडणुकीत पळणारे कार्यकर्ते बरेचसे त्याच जगातले असतात. त्यांचा उमेदवार पडला की त्यांचं नुसतं मन दुखावत नाही, व्यवसायालाही झळ लागते. गेल्या तीन निवडणुकांत खेडनं प्रत्येक वेळी आमदार बदलला, त्यामागे ही भरलेल्या आणि रिकाम्या हातांची अदलाबदल किती, आणि विचार किती, हा प्रश्न मला सतावतो. पाच वर्षांत ज्यांना काही मिळालं नाही ते समोरच्याकडं जातात. पुढच्या पाच वर्षांत त्याच्याभोवतीही तसंच वर्तुळ तयार होतं. रस्ता, टँकर, कचरा, शिफ्ट सुटल्यावर अंधारातून चालत येणाऱ्या बायका, हे विषय त्या वर्तुळाच्या बाहेर राहतात, कारण ते ज्यांचे विषय आहेत त्यांना आमदार पाडता येत नाही. यादी बदलल्याशिवाय हा क्रम मोडेल असं मला वाटत नाही. बदल झाला तो वेगळाच. जुलै 2018 मध्ये चाकणला मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवशी बसगाड्या जळल्या. पुढच्याच महिन्यात पिंपरी-चिंचवडचं नवं पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण-महाळुंगे त्याखाली आलं. बंदोबस्त वाढला. माणसांची दाद घेणारी जागा तशी वाढली नाही.

ताई : आणि तुम्ही म्हणता तशी पंचायत तरी किती दिवस राहणार? ऑगस्ट 2025 ला अजितदादा पहाटे चाकणच्या चौकात ट्रॅफिक बघायला आले होते. तेव्हाच बोलले ना, चाकणला महानगरपालिका करावी लागेल?

काका : बोलले होते. कडू लागलं तरी करावं लागेल, असं काहीसं.

ताई : मग महापालिका आली की सरपंच कुठं राहिला? प्रभाग होतील. तेव्हा यादीत तुमच्या भावकीचीच नावं असतील तर पिंपरी-चिंचवडकडून सरकत येणारे बिल्डर आणि सोसायट्या तुम्हाला गिळतील. सोसायटीवाले करार करतात, नावं चढवतात. तेव्हा तुमच्या बाजूनं मत द्यायला तुमच्या रांगेतली माणसं लागतील. टँकर तुम्हालाही लागतो आणि आम्हालाही.

काका : हे तू पुढाऱ्यासारखं बोललीस.

ताई : पाण्याच्या रांगेत उभी राहून बोलतेय. सकाळी पाचला मोटर चालू होते, चाळीस मिनिटं पाणी येतं, खालच्या खोल्यांना धार आणि वरच्यांना थेंब. बादली भरायला आज कुणी, उद्या कुणी, यावरून भांडणं होतात ती तुम्हीच मिटवता. आमच्यासाठी तुम्हीच आमदार आहात, काका. पण तुमचा आवाज कुणापर्यंत जातो? बूथवरच्या तुमच्या वहीत किती मतं आहेत, तेवढाच जातो.

काका : घरातली सात. चुलत्याची पाच.

ताई : आणि रांगेत?

काका मनातल्या मनात खोल्या मोजतात.

काका : तुझा करार करू. घरपट्टीचं मी ग्रामसेवकाला विचारतो. अकरा महिन्यांचाच होतो ना तो? पण ताबा सांगायचा नाही.

ताई : नोंदणीकृत करारात उलट तुमचाच बचाव असतो. मुदत संपली की सोडायचं, असं लिहिलेलं असतं. ऑनलाइन होतो, दोघांचा अंगठा लागतो. माझ्या खोलीचा झाला की शेजारच्या बिहारच्या पोरांचाही करा.

काका : त्यांचं मी आज काही बोलत नाही. ती पोरं दर सहा महिन्यांनी बदलतात.

ताई : चार बदलतात, दोन राहिलीत. पाच वर्षं झाली त्यांना. त्यातल्या एकाची बायको आता इथेच बाळंत झाली.

काका : तो शेवटच्या खोलीतला? त्याचं बाळ परवा रात्रभर रडत होतं. ताप होता म्हणे.

ताई : हो. बाळाला आरोग्य केंद्रात नेलं, तर नर्सबाई म्हणाल्या, कार्ड इथलं नाही, पण औषध देते.

काका : दिलं ना औषध? मग बरं. त्याच्या बापाला म्हणावं कागद घेऊन ये. बघू. पण निवडणुकीच्या टेबलावर माझ्याकडंच बसायचं, दुसऱ्यांच्या टेबलावर दिसला तर पुढच्या वर्षी करार नाही.

ताई : मत कुणाला द्यायचं ते तो ठरवील, काका. मी पण मीच ठरवणार. ते कबूल असेल तर उद्या सुट्टी आहे, कागद घेऊन जाऊ.